विश्लेषण : परदेशी न्यायालये प्रत्यार्पण केव्हा नाकारतात? अबू सालेमला दिलेल्या हमीचे महत्त्व काय?

१२ मार्च १९९३ च्या मुंबई साखळी बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. या खटल्यात ७ सप्टेंबर २०१७ रोजी विशेष टाडा न्यायालयाने दोघांना फाशी सुनावली. अबू सालेमला मात्र जन्मठेप. या फरकाचे मूळ लिस्बनमध्ये आणि प्रत्यार्पणाच्या कायद्यात आहे.

प्रत्यार्पणासाठी कोणत्या अटी?

पहिली अट दुहेरी गुन्ह्याची. कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असावे लागते. १९९२ च्या भारत-ब्रिटन करारानुसार त्यासाठी दोन्हीकडे किमान एक वर्षाच्या कैदेची तरतूद हवी. दुसरी अट अशी, की ज्या गुन्ह्यांसाठी आरोपी सोपवला, त्यांचाच खटला चालवायचा. भारताच्या १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्याच्या कलम २१ मध्येही हे बंधन आहे.

नकार कशामुळे मिळतो?

राजकीय स्वरूपाचा गुन्हा, एकाच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा खटला किंवा आकसाने केलेली कारवाई ही नेहमीची कारणे. गुलशन कुमार हत्या प्रकरणात संगीतकार नदीमविरुद्धचा आरोप सद्हेतूने केलेला नाही, असे म्हणत लंडनच्या उच्च न्यायालयाने २००० मध्ये नकार दिला. पुरुलिया शस्त्रप्रकरणातील किम डेव्हीला भारतात छळाचा धोका असल्याचे कारण डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ मध्ये दिले. विजय मल्या प्रकरणात तर लंडनच्या न्यायालयाने आर्थर रोड तुरुंगातील बराक क्रमांक १२ ची चित्रफीत मागवली होती. आरोपी दोषी आहे की नाही, एवढ्यावरच हा निर्णय ठरत नाही. त्याला कुठे, कसे ठेवणार, हेही पाहिले जाते.

सालेमबाबत भारताने काय कबूल केले?

पोर्तुगालमध्ये फाशी नाही आणि २५ वर्षांहून अधिक कैदही नाही. म्हणून डिसेंबर २००२ मध्ये तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी यापैकी कोणतीही शिक्षा दिली जाणार नाही, अशी हमी दिली. त्यानंतर नोव्हेंबर २००५ मध्ये सालेम भारताच्या ताब्यात आला.

हमी मोडल्यास काय होते?

भारताने नंतर जादा आरोप लावल्याचा ठपका ठेवत लिस्बनच्या न्यायालयाने २०११ मध्ये प्रत्यार्पणाची परवानगी रद्द केली. तेथील सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवले. सालेम भारतातच असल्याने तो सुटला नाही. पण २०१३ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जादा आरोप मागे घेण्याची मुभा तपास यंत्रणेला दिली.

सुटका केव्हा?

भारतीय न्यायालये सरकारच्या हमीने बांधलेली नसतात. मात्र सरकार स्वतः बांधील असते, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ जुलै २०२२ रोजी स्पष्ट केले. २५ वर्षांची मोजणी १२ ऑक्टोबर २००५ पासून होईल. ती संपताच केंद्राने राष्ट्रपतींना सल्ला देऊन महिनाभरात सुटकेची कागदपत्रे पुढे सरकवावीत, असा हा आदेश आहे. म्हणजेच ही मुदत २०३० मध्ये संपेल.

स्फोटांत आप्त गमावलेल्यांना ही सवलत बोचणे स्वाभाविक आहे. पण ही हमी दिली नसती, तर खटलाच उभा राहिला नसता. आणि ती पाळली नाही, तर पुढच्या फरारीसाठी भारताने दिलेल्या शब्दावर परदेशातील न्यायाधीश विश्वास कशाच्या आधारे ठेवणार?