डाव बरोबरीत सुटला!

“काय झालं मॅचचं?” “ड्रॉ.” “म्हणजे काहीच नाही झालं!” चेस टूर्नामेंट खेळून आलं की हा संवाद ठरलेला. पण मित्रांनो, माझ्यासारख्या हौशी खेळाडूंच्या ड्रॉमध्येच खूप काही घडतं. हरत आलेला माणूस तो अक्षरशः खेचून आणतो. फक्त नियम माहीत हवेत.

पहिला स्टेलमेट. ज्याची चाल आहे त्याच्या राजाला शह नाही, पण नियमात बसणारी एकही चाल शिल्लक नाही, की डाव तिथेच बरोबरीत. काळा राजा ए8 च्या कोपऱ्यात एकटा आणि पांढरा वजीर बी6 वर आला, की संपलं! नाशिकच्या एका ओपन स्पर्धेत मी अशाच कोपऱ्यात बसून अर्धा गुण मिळवला. समोरचे काका कितीतरी वेळ पटाकडेच बघत होते.

दुसरा, तीच स्थिती तीनदा येणं. तिसरा, दोघांच्याही सलग 50 चालींत एकही प्यादं न हलणं आणि एकही मोहरा न मारला जाणं. इथे मात्र पंच आपणहून ड्रॉ देत नाहीत, क्लेम आपणच करायचा. आपल्या चालीने स्थिती तिसऱ्यांदा येणार असेल, तर ती चाल पटावर खेळायची नाही. स्कोअरशीटवर लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि पंचांना बोलवायचं. क्लेम चुकला तर समोरच्याला 2 मिनिटं जादा मिळतात. पंच स्वतः डाव थांबवतात ते पाचव्यांदा तीच स्थिती आल्यावर किंवा 75 चालींनंतर.

चौथी माझी लाडकी युक्ती. समोरच्याकडे कडेचं, म्हणजे ए पट्टीवरचं प्यादं आणि काळ्या घरांतून फिरणारा उंट एवढंच उरलंय. ए8 हे घर पांढरं! तुमचा एकटा राजा त्या कोपऱ्यात पोहोचला, की उंट त्याला हुसकावू शकत नाही. एक अख्खा उंट जास्त, तरीही ड्रॉ.

आणि अर्ध्या गुणाला कमी लेखू नका. 2024 च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये आपल्या नाशिकचा विदित गुजराथी ज्या भारतीय संघात होता, त्याने 11 पैकी 10 सामने जिंकले. उरलेला उझबेकिस्तानविरुद्धचा 2-2 सुटला, चारही डाव ड्रॉ. सुवर्णपदक भारतालाच मिळालं.

तेव्हा वजीर गेला म्हणून लगेच हात पुढे करू नका. आधी कोपरा शोधा!