‘प्रश्नचिन्ह’ नावाची शाळा

प्रश्न गुरुजींनी विचारावयाचे नि उत्तरे मुलांनी द्यावयाची, ही आपल्या शाळांची रीत! पण अमरावती जिल्ह्यातील मंगरूळ चव्हाळा येथे शाळेचे नावच ‘प्रश्नचिन्ह’ आहे. स्वतः फासेपारधी असलेल्या मतीन भोसले यांनी जिल्हा परिषदेची मास्तरकी सोडून २०१२ साली ती काढली. मुले शाळेत येण्याची वाट न पाहता, भीक मागणारी मुले शोधून त्यांनी आणली. राहणे, जेवणे, शिकणे एकाच जागी. इंग्रजांनी या जमातीवर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ साली कायद्याने पुसला. लोकांच्या मनातून मात्र पुसला नाही. २०१९ साली समृद्धी महामार्गासाठी शाळेचे ग्रंथालयही पाडले गेले.

वाचकहो, या प्रश्नचिन्हाचे उत्तर मुलांनी द्यावयाचे, की आपण?