टीकाकार उभा कुठे असतो? (लेखांक ५)

गेल्या आठवड्यात आपण माक्स होर्कहायमरच्या १९३७ च्या निबंधापाशी थांबलो होतो. समाज आहे तसा समजावून सांगणारा सिद्धान्त वेगळा आणि समाज बदलावा म्हणून त्याची चिकित्सा करणारा सिद्धान्त वेगळा, असं त्याने मांडलं. त्यातून एक अडचण उभी राहते. ज्या मापाने समाज मोजायचा, ते माप आणायचं कुठून? समाजाकडूनच घेतलं, तर ते समाजाइतकंच वाकडं असू शकतं. बाहेरून आणलं, तर लोक विचारणार, ‘तुम्ही कोण सांगणारे?’

महाराष्ट्रात हा प्रश्न नुसता पुस्तकी कधीच नव्हता. १८७० साली पुण्यात शंकराचार्यांपुढे पुनर्विवाहावर वाद झाला. विष्णुशास्त्री पंडित आणि त्यांच्या बाजूच्या मंडळींनी शास्त्राच्याच आधाराने विधवांचा विवाह संमत ठरवू पाहिला. निर्णय त्यांच्या विरुद्ध गेला. ही वाट चुकीची होती असं मी म्हणणार नाही. समोरच्याला त्याच्याच प्रमाणग्रंथातून उत्तर दिलं की ते सहज झटकता येत नाही. पण त्याची किंमत जबर असते. ग्रंथाचा अधिकार आपण आधीच मान्य केलेला असतो. मग वाद उरतो तो वचनाच्या अर्थाचा. केशवपन करून माजघरात कोंडलेल्या मुलीचं दुःख त्या वादात पुरावा म्हणून दाखलच होत नाही.

त्याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी वेगळी जागा धरली. निर्मिकाने सगळी माणसं सारख्या हक्कांची घडवली, मग वचन काहीही सांगो. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो कुठल्या स्मृतीची संमती काढून नव्हे.

दोन्ही जागा एकत्र दिसतात त्या महाडला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही पुढे चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं होतं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि तिथे भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेला आलेले लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. इथवर ही आतूनच केलेली टीका होती: तुमचा ठराव, तुमचाच कायदा, आता तो पाळा.

उत्तर आलं ते मारहाणीचं. मग तळ्याची ‘शुद्धी’ झाली. एकशे आठ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलं आणि मंत्र म्हणत ते परत तळ्यात ओतलं. या तळ्यावर मुसलमान, ख्रिस्ती पाणी भरत, गुरंही पाणी पीत. त्यांच्यामुळे तळं बाटत नव्हतं. मग या माणसांच्या ओंजळीनेच का बाटावं? याला त्यांच्या तोंडावर देता येईल असं एकही कारण महाडच्या सनातन्यांपाशी नव्हतं. म्हणून घागरी आल्या.

राइनर फोर्स्ट हा आजचा जर्मन तत्त्वज्ञ, होर्कहायमरच्याच परंपरेतला, टीकेचा पाया इथेच शोधतो. जो नियम माझ्यावर लादला जातो त्याचं मला पटू शकेल असं कारण मागण्याचा हक्क मला आहे, आणि तो कुणी दान दिलेला नाही. मला ही भूमिका भक्कम वाटते. ती ग्रंथाच्या दारात ताटकळत नाही, आणि आभाळातून माप आणल्याचा आरोपही तिच्यावर सहज चिकटत नाही. कारण मागणारा माणूस त्याच गावचा असतो, त्याच तळ्याच्या काठावर उभा असतो.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच पुन्हा भरलेल्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. अध्यक्षीय भाषणात आंबेडकरांनी या परिषदेचं नातं १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी जोडलं. अर्थ लावत बसण्याचा टप्पा त्यांनी मागे टाकला होता. सनातन्यांनी लावलेला तळ्याचा दावा मात्र कोर्टात दहा वर्षं रेंगाळला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. आधार कोणता? बंदीची रूढी अनादि काळापासूनची आहे, हे सनातन्यांना सिद्ध करता आलं नाही. निकाल आनंदाचाच होता, पण त्याचा पाया पाहून मी अस्वस्थ होतो. जुना कागद सापडला असता, रूढी हजार वर्षांची ठरली असती, तर काय बंदी न्याय्य झाली असती?

फोर्स्टच्या भूमिकेवर एक आक्षेप मात्र गंभीर आहे. ज्याच्यावर नियम लादला त्यालाच तो मनापासून पटलेला असेल तर? आपल्या स्पर्शाने पाणी बाटतं असं स्वतःच मानून तळ्यापासून दूर राहणारा माणूस कारण मागतच नाही. मग त्याच्या वतीने टीका कुणी करायची, आणि कोणत्या हक्काने? अविद्येवर फुल्यांचा एवढा रोख का होता, ते या प्रश्नातून कळतं. पुढच्या आठवड्यात त्याकडेच वळू.