घरच्या तलावाला गॅस हीटर किती मोठा?
अहिल्यानगरच्या डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री बोचऱ्या, घरच्या पोहण्याच्या तलावाचं पाणी गारठतं. हीटर घेण्याआधी हिशेब करा. ८ मीटर लांब, ४ रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल तलावात ४०,००० लिटर पाणी मावतं. ते ८ अंशांनी तापवायला ३,२०,००० किलोकॅलरी, म्हणजे वाया जाणारी उष्णता धरून सुमारे ३६ किलो एलपीजी लागतो. १९ किलोचे जवळपास दोन व्यावसायिक सिलिंडर. चोवीस तासांत तापवायचं तर साडेपंधरा किलोवॉट सतत हवेत. कोरड्या हवेत बाष्पीभवनाने उष्णता उडते, म्हणून २५ किलोवॉटचा हीटर बरा. माझ्या मते पहिला खर्च मात्र तलावावरच्या आच्छादनाचा करावा. हीटर फिल्टरनंतर, क्लोरिन सोडण्याच्या जागेआधी जोडतात. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो. हीटर खड्ड्यात किंवा बंद खोलीत कधीही बसवू नका.