जाता जाता आणि मुद्दाम

आमच्या घोडेगावात एक वाक्य दिवसातून दहा वेळा तरी कानावर पडतं, "तिकडं चाललायस ना, मग जाता जाता एवढं दे." तालुक्याचं गाव हे. कचेरी इथं, कोर्ट इथं, आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथं. पण मोठी बाजारपेठ मंचरला आणि पश्चिमेकडची गावं डिंभे धरणाच्या वर, डोंगरात. त्यामुळे माणसांची आणि वस्तूंची सारखी ये-जा. कुणाच्या हाती आजीचा दुरुस्त केलेला चष्मा, कुणाच्या हाती शाळेचा दाखला, कुणाच्या पिशवीत शेजारणीच्या रक्तदाबाच्या गोळ्या. एसटीच्या कंडक्टरच्या पायाशी तर अशी एखादी पिशवी कायमच असते. मोठं सामान असेल तर लगेजचं तिकीट फाडायचं, लहानसहान असेल तर ओळखीवर भागवायचं.

या 'जाता जाता'ला एक न लिहिलेला नियम आहे आणि तो गावातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. पिशवी गाडीबरोबर जाते, गाडी पिशवीसाठी वळत नाही. "जरा आमच्या वस्तीवरून गाडी घे की" असं कुणी म्हणालं, तर अख्खी एसटी मागं वळून बघते!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या आळीतल्या एक काकू. त्यांचा मुलगा सैन्यात, लेहला. मध्यंतरी त्या मला विचारत होत्या, "ताई, सैन्याच्या विमानातून डबा पाठवता येतो का हो?" मी म्हटलं, "कसला डबा?" तर शेंगदाण्याची चटणी, बेसनाचे लाडू आणि (इथं त्या जरा लाजल्या) मासवडी. मासवडी लेहपर्यंत टिकायची नाही, एवढं मी त्यांना सांगितलं. बाकीच्या प्रश्नानं मात्र मला चांगलंच कामाला लावलं.

सैन्याच्या विमानातून खासगी काम! ऐकायला भारी वाटतं, पण ही गोष्ट विमानाइतकीच जुनी आहे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली दोस्तांच्या फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरल्या. इंग्लंडहून निघालेल्या काही स्पिटफायर विमानांच्या पंखांखाली तेव्हा बॉम्बच्या जागी बिअरची पिंपं बांधलेली असत. तहानलेल्या आपल्या सोबत्यांसाठी! आपल्याकडं गावी जाणाऱ्या जीपच्या टपावर फणस बांधतात, त्यातलाच प्रकार.

त्याहून मला आवडलेली गोष्ट गेल हॅल्वर्सन या अमेरिकन वैमानिकाची. १९४८ साली रशियानं पश्चिम बर्लिनकडं जाणारे रस्ते आणि रेल्वे अडवले. शहर उपाशी मरू नये म्हणून अमेरिका आणि इंग्लंडची विमानं पीठ आणि कोळसा घेऊन तिथं उतरू लागली. विमानतळाच्या कुंपणापाशी मुलं उभी असत. हॅल्वर्सननं त्यांना च्युइंगगमच्या दोन कांड्या दिल्या. मुलांनी भांडण न करता त्यांचे तुकडे केले. ज्यांना तुकडा मिळाला नाही, त्यांनी नुसता कागदाचा वास घेतला. "उद्या येताना वरून खाऊ टाकीन. विमानाचे पंख हलवले की समजा, मी आलो," असं तो सांगून गेला. मग स्वतःच्या आणि सोबत्यांच्या वाट्याची चॉकलेटं हातरुमालांच्या छोट्या पॅराशूटना बांधून तो खाली सोडू लागला. परवानगी कुणाचीच नव्हती. वर्तमानपत्रात बातमी आली आणि गडी पकडला गेला. साहेबांनी बोलावून झापलं, पण मोठ्या साहेबांना कल्पना आवडली आणि तिची रीतसर मोहीमच झाली. पुढं बर्लिनवर वीस टनांहून जास्त खाऊ पडला. हॅल्वर्सन २०२२ साली वारले, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी.

ही गोष्ट वाचताना कुणालाही राग येत नाही. का येत नाही, ते आपण पुढं बघू. आधी दुसऱ्या बाजूच्या दोन गोष्टी.

पहिली राजपुत्राची. एप्रिल २००८ मध्ये इंग्लंडचा राजपुत्र विल्यम हवाई दलात प्रशिक्षण घेत होता. हातात आलं होतं चिनूक, म्हणजे तोफा नि ट्रक उचलणारं दोन पंख्यांचं अगडबंब हेलिकॉप्टर. ते त्यानं उतरवलं कुठं? तर मैत्रीण केट मिडलटन हिच्या आईवडिलांच्या घराजवळच्या शेतात! पुढं आत्येभावाच्या लग्नाआधीची मित्रांची पार्टी होती, आइल ऑफ वाइट या बेटावर. तिथंही स्वारी चिनूकनंच गेली, वाटेत लंडनहून धाकट्या भावाला घेऊन. गवगवा झाल्यावर संरक्षण खात्यानं सांगितलं, की ही सगळी प्रशिक्षणाचीच उड्डाणं होती. असतीलही. कुठं तरी उतरायचा सराव करायचाच होता, तर तिथं केला! सासुरवाडीच्या दारात बुलेट आणून रेस देणारे जावई आपल्याकडंही कमी नाहीत. फरक एवढाच, की बुलेटमधलं पेट्रोल त्यांच्या खिशातलं असतं.

दुसरी जॉन सुनुनू यांची. अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश यांच्या कार्यालयाचे हे प्रमुख. दोन वर्षांत सत्तरहून जास्त वेळा ते लष्करी विमानानं फिरले आणि त्यातल्या काही फेऱ्या बर्फावर घसरायच्या सहलींच्या, एक तर दाताच्या डॉक्टरकडं जायची होती, हे १९९१ साली वर्तमानपत्रांनी बाहेर काढलं. नियम कडक झाले. मग साहेब सरकारी मोटार आणि ड्रायव्हर घेऊन न्यूयॉर्कला गेले, पोस्टाच्या तिकिटांच्या लिलावाला! त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी राजीनामा दिला. दात काय, तिकिटं काय... गोष्टी किती लहान आणि त्यांच्यासाठी फिरलेली यंत्रं केवढी मोठी!

आपल्याकडं काय? आपल्याकडं हा विषय निवडणूक आली की निघतो. मे २०१९ मध्ये प्रचारसभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी आरोप केला, की राजीव गांधी यांनी १९८७ साली 'आयएनएस विराट' ही युद्धनौका लक्षद्वीपच्या कौटुंबिक सहलीसाठी खासगी टॅक्सीसारखी वापरली. त्यावर अलिबागजवळ स्थायिक झालेले माजी नौदलप्रमुख ॲडमिरल रामदास यांनी निवेदन काढलं. १९८७ साली ते कोचीला दक्षिण विभागाचे प्रमुख होते. पंतप्रधान सरकारी बैठकीसाठी आले होते आणि कुणाच्या खासगी कामासाठी जहाज वळवलं नव्हतं, असं त्यांनी सांगितलं. तेव्हाचे 'विराट'चे कप्तान विनोद पसरिचा यांनीही आरोप नाकारला. रामदास २०२४ साली गेले. कोण खरं यावर लोक अजून वाद घालतात. मला त्यातला एकच शब्द महत्त्वाचा वाटतो : 'वळवलं'. घोडेगावच्या एसटीचा नियम आणि युद्धनौकेचा नियम शेवटी एकच निघाला!

पंतप्रधानांना सुरक्षेसाठी पक्षाच्या कामालाही हवाई दलाचं विमान वापरता येतं, मात्र त्याचे पैसे भरावे लागतात. २०१९ साली माहिती अधिकारात बाहेर आलेल्या आकड्यांत ओडिशातल्या एका छोट्या फेरीचे ७४४ रुपये लावलेले होते. हे दर कुठल्या काळातले, असं कुणीही विचारेल आणि विचारावंच. पण निदान पावती आहे, म्हणून प्रश्न विचारता येतो. पावतीच नसलेल्या फेऱ्यांचं काय करायचं?

पुन्हा काकूंकडं येते. त्यांचा मुलगा सुट्टीवर यायचा तेव्हा फोनवर सांगायचा, "कुरिअरनं येतोय." काकू म्हणायच्या, "मला वाटायचं, पार्सल करून पाठवतात की काय माझ्या पोराला!" सैन्यात ठरावीक मार्गांवर माणसं आणि सामान नेणाऱ्या विमानाला 'कुरिअर' म्हणतात. हिवाळ्यात जोजी ला खिंड बर्फानं बंद होते, मनालीकडचा रस्ता बंद होतो. मग लडाखमधून खाली यायला विमान हीच एक वाट. कारगिलच्या सामान्य लोकांसाठीसुद्धा हिवाळ्यात हवाई दलाचं एएन-३२ विमान चालवतात. आजारी माणसं, परीक्षेला निघालेली मुलं त्यातून येतात-जातात. आणि त्याच्याही वर, सियाचेनच्या सर्वांत उंच चौक्यांवर, चीता हेलिकॉप्टर जातं. तिथं हवा इतकी विरळ, की एका खेपेला रॉकेलचा एखादा कॅन न्यायचा म्हटला तरी वजनाचा हिशेब करावा लागतो. तिथं एक किलो म्हणजे खरोखर एक किलो असतं.

काकूंच्या सासूबाई वारल्या त्या अशाच हिवाळ्यात. नातू लेहला. आजीनं वाढवलेला पोरगा. दोन दिवस हवा खराब, विमान आलंच नाही. तिसऱ्या दिवशी आलं, पण यादीत त्याचं नाव बरंच खाली. रांगेत पुढं एक हवालदार होता, कुठल्या तरी दुसऱ्याच राज्यातला. भाचीच्या साखरपुड्याला निघालेला. त्यानं याचा चेहरा बघून विचारपूस केली आणि यादीवाल्याला सांगितलं, "इसको भेजो. मैं कल चला जाऊँगा." पोरगा दशक्रियेला सकाळी घाटावर पोचला. त्या हवालदाराला साखरपुडा मिळाला की नाही, कोण जाणे. काकू आजही दिवाळीत लाडू वळताना एक लाडू बाजूला काढतात. "त्याच्या नावाचा," म्हणतात.

हॅल्वर्सनचा राग का येत नाही, याचं उत्तर मला या लाडवात सापडलं. त्यानं चॉकलेट दिलं ते स्वतःच्या वाट्याचं. हवालदारानं जागा दिली ती स्वतःची. सुट्टीवरून परत जाणारा एखादा जवान मित्राच्या घरचा चटणीचा डबा आपल्या पिशवीत घेतो, तेव्हा तो स्वतःच्या सामानातलं वजन कमी करतो. उपकार असा आपल्या ताटातून द्यायचा असतो. दुसऱ्याच्या ताटातला घास उचलून तिसऱ्याला वाढला, तर त्याला औदार्य म्हणत नाहीत. दाताच्या डॉक्टरसाठी विमान उडतं तेव्हा इंधन, वैमानिकाचे तास, यंत्राचं आयुष्य यांतलं काहीही त्या साहेबांच्या वाट्याचं नसतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे 'नाही' म्हणायची मुभा. कंडक्टर मला सांगू शकतो, "ताई, आज गर्दी आहे, उद्या द्या." वैमानिक आपल्या वरिष्ठाला असं सांगू शकेल? सैन्यात अधिकाऱ्यांच्या दिमतीला सहायक असतात. घरची कामं त्यांच्याकडून करून घेतली जातात म्हणून २००८ साली संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनं ही पद्धत बंद करायला सांगितलं होतं. जिथं नकार देता येत नाही, तिथं विनंती हा शब्दच खोटा ठरतो.

आता जरा आपल्याकडं, म्हणजे बायकांकडं वळू. कारण या फेऱ्यांतल्या कितीतरी आपल्याच नावावर निघतात. "मॅडमना माहेरी सोडायचंय." "मॅडमनी भाजी मागवलीय." साहेबांच्या दौऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर मेथीच्या जुड्या असतात त्या कुणाच्या? फेरी साहेबांच्या हुकमानं निघते आणि चर्चा होते ती मॅडमच्या हौसेची! आणि दुसऱ्या टोकालाही बाईच असते. अंगणवाडीची मदतनीस एखाद्या पुढाऱ्याच्या घरच्या कार्यात पोळ्या लाटत असते. त्या दिवशी पोरांच्या खिचडीला उशीर होतो. लाटणं आणि विमान यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण हिशेब तोच. ज्यांच्यासाठी ते माणूस तिथं नेमलं होतं, ते वाट बघत बसतात.

"पण गाडी रिकामीच चालली होती," हे या बाबतीतलं सगळ्यांत लाडकं समर्थन. खरंच रिकामी असते का ती? आमच्या तालुक्यानं याचं उत्तर फार महागात शिकलंय. ३० जुलै २०१४ च्या पहाटे माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसं गेली. फोन करायला, निरोप द्यायला कुणी उरलं नव्हतं. बाहेरच्या जगाला पहिली खबर मिळाली ती एसटीच्या ड्रायव्हरकडून. तो नेहमीच्या फेरीला गेला आणि बघतो तर गावच जागेवर नाही. धो धो पावसात, चार-दोन उतारूंसाठी गाडी तिकडं गेली होती. त्या दिवशी ती वळवून दुसऱ्या कुणाच्या कामाला लावली असती, तर कुणाला चुकीचंही वाटलं नसतं. ठरल्या वेळी, ठरल्या वाटेनं गाडी जाणं हेच तिचं काम असतं, मग तीत दोन माणसं असोत की पन्नास.

काकूंचा डबा शेवटी गेला. गावातलाच एक मुलगा सुट्टी संपवून तिकडं निघाला होता. काकूंनी आधी त्याच्या आईला विचारलं, "तुमच्या लाडवांना जागा राहतेय ना? राहत असेल तरच न्या." चटणी अर्धा किलो, लाडू अकरा. पिशवी हातात उचलून मुलगा म्हणाला, "एवढं चालतंय, काकू." मासवडी मात्र काकूंनी आम्हां शेजारणींनाच खाऊ घातली.