बायडरबेक, बिक्स

(१० मार्च १९०३ – ६ ऑगस्ट १९३१). आरंभीच्या जॅझ संगीतातील एक श्रेष्ठ अमेरिकन कॉर्नेटवादक, पियानोवादक व संगीतरचनाकार. संपूर्ण नाव लीऑन बिस्मार्क बायडरबेक. जन्म आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे. लहानपणापासून तो ऐकलेल्या चाली पियानोवर वाजवीत असे. ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड’च्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्याने कॉर्नेटवादन गुरूविना आत्मसात केले, त्यामुळे त्याची बोटे चालविण्याची पद्धत रूढ पद्धतीहून वेगळी राहिली. कॉर्नेट हे ट्रंपेटच्या जातीचे पितळी सुषिर वाद्य असून त्याचा नाद ट्रंपेटपेक्षा मऊ व गोलसर असतो.

जॅझमधील एकलवादन बव्हंशी उत्स्फूर्त असते. ते स्वरलेखनात अगोदर लिहिलेले नसते. त्यामुळे १९२४ ते १९३० या काळातील ध्वनिमुद्रिका हाच बायडरबेकच्या कॉर्नेटवादनाचा मुख्य पुरावा होय. त्या काळच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच संगीत मावत असे. एवढ्या अवधीत एकलवादकाच्या वाट्याला बहुधा अर्धे-पाऊण मिनिट येई. या मर्यादेतच त्याची शैली आकारास आली.

‘वुल्व्हरीन्स’ या वाद्यवृंदाबरोबर त्याने फेब्रुवारी १९२४ मध्ये इंडियाना राज्यातील रिचमंड येथे जेनेट कंपनीसाठी पहिले ध्वनिमुद्रण केले. वादकांनी एका मोठ्या कर्ण्यासमोर वाजवावयाचे व त्या ध्वनीच्या कंपनांनीच सुईने मेणाच्या तबकडीवर रेघ कोरावयाची, अशी तेव्हाची यांत्रिक पद्धती होती. तीत नादाचे बारकावे बरेचसे लोपत. तरीही ‘जॅझ मी ब्लूज’ व ‘रिव्हरबोट शफल’ यांतील त्याचे स्वच्छ, घंटानादासारखे स्वर स्पष्ट ओळखू येतात. स्वतःची ‘डॅव्हनपोर्ट ब्लूज’ ही रचना त्याने जानेवारी १९२५ मध्ये ध्वनिमुद्रित केली.

१९२५ नंतर सूक्ष्मध्वनिग्राहकाचा वापर करणारी विद्युत् पद्धती रूढ झाली आणि त्याच्या नादाचे सौंदर्य तबकडीवर अधिक यथार्थपणे उतरू लागले. सॅक्सोफोनवादक फ्रँकी ट्रंबाउअर याच्या वाद्यवृंदाबरोबर ओके कंपनीसाठी ४ फेब्रुवारी १९२७ रोजी न्यूयॉर्क येथे ध्वनिमुद्रित झालेली ‘सिंगिंग द ब्लूज’ ही त्याची सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिका मानली जाते. तीत एडी लँगच्या गिटारच्या साथीने प्रथम ट्रंबाउअर व नंतर बायडरबेक यांनी एकेक पूर्ण आवर्तन वाजविले आहे. मूळ चालीला केवळ नटविण्याऐवजी बायडरबेकने तीतून एक नवी, स्वयंपूर्ण चाल निर्माण केली. प्रत्येक वाक्यांश मागच्या वाक्यांशाला उत्तर देतो व लय संथ असूनही ताण शिथिल होत नाही. मे १९२७ मधील ‘आय ॲम कमिंग, व्हर्जिनिया’ ही ध्वनिमुद्रिकाही याच जातीची आहे. तत्कालीन जॅझमध्ये लुई आर्मस्ट्राँगचे वादन तेजस्वी व नाट्यपूर्ण, तर बायडरबेकचे अंतर्मुख व संयत होते. जॅझमधील मंद गतीच्या भावगर्भ वादनाची परंपरा पुढे या संयत शैलीवर पोसली गेली. दोघांचे एकत्र ध्वनिमुद्रण मात्र झाले नाही.

सप्टेंबर १९२७ मध्ये त्याने ‘इन अ मिस्ट’ ही स्वतःची पियानोरचना ध्वनिमुद्रित केली. तीत जॅझच्या लयीबरोबर फ्रेंच संगीतकार देब्यूसीच्या धर्तीच्या स्वरसंहती आढळतात. त्याच वर्षाच्या अखेरीस तो पॉल व्हाइटमनच्या प्रख्यात वाद्यवृंदात गेला. तेथे त्याला एकलवादनास अल्पच वाव मिळे. तथापि ‘फ्रॉम मंडे ऑन’ (१९२८) सारख्या ध्वनिमुद्रिकांत त्याचे मोजके स्वरही साऱ्या वाद्यवृंदात उठून दिसतात.

अतिमद्यपानाने त्याची प्रकृती ढासळली व न्यूयॉर्क येथे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो न्यूमोनियाने मरण पावला. त्याच्या अकाली मृत्यूभोवती दंतकथांचे वलय निर्माण झाले. डोरोथी बेकरच्या यंग मॅन विथ अ हॉर्न (१९३८) या कादंबरीची प्रेरणाही त्याच्याच संगीतातून आली. त्याचे खरे महत्त्व मात्र समकालीन वादकांनी त्याच्या तबकड्यांवरूनच ओळखले. रेक्स स्ट्यूअर्ट या आफ्रिकी-अमेरिकन कॉर्नेटवादकाने १९३१ मध्ये फ्लेचर हेंडरसनच्या वाद्यवृंदाबरोबर ‘सिंगिंग द ब्लूज’ मधील त्याचे एकलवादन जवळजवळ जसेच्या तसे वाजवून ध्वनिमुद्रित केले. क्षणात स्फुरलेले वादन अशा रीतीने अभ्यासावयाची व जतन करावयाची रचना ठरले.