तिरपालाचे तणावे: जाड दोरी म्हणजे मजबूत दोरी नव्हे



१६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद. हे दोन महिने आपले जाळी सांधायचे, होड्या नीट करायचे. यंदा त्यात एक काम वाढवा. काठावरच्या मुक्कामाला जे तिरपाल बांधता, त्याचे तणावे तपासा आणि गरज असेल तर बदला. कारण सांगतो.

मागच्या जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पाच जण धरणाच्या पलीकडच्या काठावर मुक्कामाला होतो. तिथपर्यंत गाडी जात नाही. जाळी, भांडी, तिरपाल, सगळं पाठीवर. रात्री अकराच्या सुमारास आंधी आली. तिरपालाला निळी दोरी होती, पेन्सिलीएवढी जाड. वाऱ्याकडचा तणावा तुटला, तिरपाल उलटलं आणि बांबू झोपलेल्या एका काकांच्या कपाळावर बसला. तीन टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला.

ती दोरी मीच आणली होती. स्वस्त मिळाली, जाड दिसली, घेतली. सकाळी तुटलेलं टोक बोटांनी चोळलं तर त्याचा भुसा पडला. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि ती दोरी सगळा हंगाम उन्हात बांधलेली होती. ती पॉलिप्रोपिलीनची. हा धागा वजनाला हलका, पाण्यावर तरंगतो, पण साधा स्वस्त माल उन्हात लवकर कुजतो. वरून जाडी तेवढीच दिसते, आतला जोर गेलेला असतो.

तेव्हापासून मी दोरी बघताना जाडी नंतर बघतो. आधी ती कशाची आहे ते बघतो.

पहिला प्रश्न, जोर किती लागतो? ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून आला तर एका चौरस मीटरवर साधारण १७ किलोचा दाब पडतो. आपलं तिरपाल ३ बाय ३ मीटर, म्हणजे ९ चौरस मीटर. सगळा वारा अंगावर घेतला तर दीडशे किलो. तिरपाल तिरकं बांधलं की हा दाब कमी होतो, पण जो येतो तो सहा तणाव्यांत सारखा वाटला जात नाही. बराचसा वाऱ्याकडच्या दोन-तीन तणाव्यांवर येतो. त्यात गाठ मारली की दोरीचा जोर तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत घटतो. हा हिशोब धरूनच दोरी घ्यायची.

दुसरा प्रश्न वजनाचा. अडीच मीटरचे सहा तणावे, म्हणजे १५ मीटर दोरी. पॉलिप्रोपिलीनची ६ मिलिमीटरची दोरी मीटरला १७ ग्रॅम, म्हणजे एकूण २५५ ग्रॅम. ट्रेकिंगवाली पोरं पॅराकॉर्ड आणतात, मूळची दुसऱ्या महायुद्धातल्या पॅराशूटची नायलॉन दोरी. ती सुमारे १०० ग्रॅम भरते. मजबूत आहे, पण महाग, आणि तिरपालाला एवढ्या जोराची गरज नाही.

मग आपलं जाळ्याचं नायलॉन सूत? रिळावर २१०/१२/३ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ २१० डेनियरचे १२ गुणिले ३, म्हणजे ३६ धागे. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. २१० गुणिले ३६ केलं की ७,५६०. त्याला ९,००० ने भागा, मीटरला ०.८४ ग्रॅम. पिळामुळे थोडं जास्त धरा. १५ मीटरचं वजन १५ ग्रॅमच्या आत. घरात पडलेलंच असतं, म्हणजे फुकट!

पण भावांनो, इथे घाई नको. हे सूत ५० किलोच्या आसपास तुटतं, गाठीपाशी त्याच्याही आधी. शिवाय नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की ताणतं. संध्याकाळी कसून बांधलेलं तिरपाल पावसात मध्यरात्री झोळीसारखं लोंबतं, त्यात पाणी साचतं, भार आणखी वाढतो. बाजूच्या तणाव्यांना हे सूत दुहेरी करून चालेल. वाऱ्याकडे नको.

वाऱ्याकडे पॉलिस्टरची विणलेली २ मिलिमीटरची दोरी घ्या. मीटरला ३ ग्रॅमच्या आसपास, १५ मीटर साधारण ४५ ग्रॅम. जोर १०० किलोच्या आसपास. पाणी जवळजवळ पीत नाही, फारशी ताणत नाही, उन्हाला पॉलिप्रोपिलीनपेक्षा पुष्कळ टिकते. डायनीमा याहून हलकी आणि मजबूत, पण महाग आणि बुळबुळीत, गाठ सरकते. आपल्याला गरज नाही.

दुकानात ओळखायची कशी? तुकडा पाण्याच्या वाटीत दाबून सोडा. तरंगला तर पॉलिप्रोपिलीन किंवा तशाच जातीचा. बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. मग घरी दोन खिळ्यांमध्ये ताणून बांधा आणि पाणी मारा. अर्ध्या तासात सैल पडली तर नायलॉन. तशीच राहिली तर पॉलिस्टर.

तिघऱ्याकडे वालुकाश्म आहे, मेख शिरत नाही, आपण दगडालाच बांधतो. खरबरीत दगडाच्या धारेवर बारीक दोरी रात्रभर घासली की कापली जाते. म्हणून दगडाभोवती जाड दोरीचा फास टाका आणि तणावा त्या फासाला बांधा. दोरीची टोकं काडीने वितळवून घ्या म्हणजे उसवत नाहीत. आणि सुताचे तुकडे काठावर टाकू नका, पाखरांच्या पायात अडकतात.

आपलं लष्कर शहर १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून उभं राहिलं. राहुट्या-तंबूंचं गाव ते. तणावा सैल तर राहुटी गेली, हे तेव्हाच्या खलाशालाही ठाऊक असणार. आपण मात्र दोन पैसे वाचवायला गेलो.

काकांच्या कपाळावरचा व्रण आजही दिसतो. ते काही बोलत नाहीत, पण मला दिसतो.

तुटलेली निळी दोरी आणि नवी पॉलिस्टरची, दोन्ही संस्थेच्या कार्यालयात टेबलावर ठेवली आहेत. येऊन हातात धरून बघा. १५ ऑगस्टच्या आधी प्रत्येक टोळीने आपले तणावे बदललेले असावेत, एवढीच विनंती.

आपला,
सचिव